हाताळली म्हणून टिकलेली पाने

१९७२ साली हान्स रॉथ नावाचा स्विस वास्तुरचनाकार बोलिव्हियाच्या पूर्व भागातल्या सान राफाएल या गावी आला. अठराव्या शतकात बांधलेले तिथले चर्च मोडकळीला आले होते आणि ते सावरण्याचे काम त्याच्याकडे होते. कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर लाकडी छप्पर आणि ते तोलून धरणारे, अखंड बुंध्यातून कोरलेले पीळदार खांब, अशी ती वास्तू. रॉथ मूळचा जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा सदस्य. पुढे त्याने संघ सोडला, पण हा मुलूख सोडला नाही. स्थानिक सुतारांना हाताशी धरून तो एकामागून एक चर्च उभे करत राहिला.

या डागडुजीच्या काळात त्याच्या हाती दुसरेच घबाड लागले, ते म्हणजे कागद. सान राफाएल आणि शेजारच्या सान्ता आना या गावांत जुनी हस्तलिखिते पडून होती. त्यांवर पाच-पाच रेघांच्या पट्ट्या आणि त्यांत स्वरांच्या खुणा होत्या. सगळी मिळून पाच हजारांहून अधिक पाने भरली. आज ती कोन्सेप्सिओन या गावी, चर्चच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. सांताक्रूझ हे त्या भागातले मोठे शहर, आणि हे गाव तिथून सुमारे तीनशे किलोमीटर आत.

त्या पानांवर मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, संगीत होते, स्तोत्रे होती, व्हायोलिनसाठी रचलेले वाद्यसंगीतही होते. शब्द कुठे लॅटिन, कुठे स्पॅनिश, तर कुठे तिथल्या चिकितानो लोकांच्या भाषेतले. शैली मात्र सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपची, ज्या शैलीला आज बरोक म्हणतात आणि जिच्यासोबत बाख, विवाल्दी, हँडल ही नावे घेतली जातात. दक्षिण अमेरिकेच्या रानात हे संगीत आले कुठून आणि दोनशे वर्षे टिकले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण ते टिकले ते कुलपात ठेवल्यामुळे नव्हे, तर रोज वापरल्यामुळे.

व्हायोलिन बनवणारा पाद्री

हा मुलूख म्हणजे चिकितोस. स्पॅनिशमध्ये 'चिकितो' म्हणजे छोटासा. इथल्या लोकांच्या झोपड्यांची दारे इतकी बुटकी असत, की स्पॅनिशांनी माणसेच लहानखुरी असावीत असे समजून हे नाव दिले, असे सांगतात. जेझुइटांनी इथे पहिली वस्ती वसवली १६९१च्या अखेरीस आणि तिला नाव दिले सान फ्रान्सिस्को हाविएर. हाविएर म्हणजे आपल्या ओळखीचे झेवियर, ज्यांचे शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चमध्ये आहे. १७६०पर्यंत अशा वस्त्या दहा झाल्या. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या टोळ्यांना एकत्र आणून गावे वसवायची, शेती आणि कारागिरी शिकवायची आणि अर्थातच ख्रिस्ती करायचे, असा हा उद्योग होता.

संगीत हे या उद्योगातले मोठे साधन होते, आणि ते चालवणाऱ्यांतले ठळक नाव मार्टिन श्मिड. १६९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बार गावी जन्मलेले श्मिड १७३०च्या सुमारास चिकितोसमध्ये पोचले. ते गात, वाजवत, रचना करत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाद्ये बनवत. युरोपातून व्हायोलिन मागवायचे तर समुद्र, पर्वत आणि जंगल ओलांडून ते यायला वर्षे लागत. म्हणून श्मिडनी गावातच कार्यशाळा काढल्या आणि तिथल्या लाकडातून व्हायोलिने, वीणा, अगदी ऑर्गनही घडवून घेतले. पुढे ते वास्तुरचनेत शिरले. सान राफाएल, सान हाविएर आणि कोन्सेप्सिओन इथली चर्चे त्यांचीच, म्हणजे दोनशे वर्षांनी रॉथ ज्यांची दुरुस्ती करणार होता तीच. वाद्ये घडवणारे आणि खांब कोरणारे हात एकाच शाळेत तयार झाले होते.

रोममधून हरवलेला माणूस

या पानांवर एक नाव पुन्हा पुन्हा येते. ते म्हणजे दोमेनिको झिपोली. इटलीतल्या प्रातो शहरात १६८८ मध्ये जन्मलेला हा संगीतकार रोममध्ये जेझुइटांच्या मुख्य चर्चचा ऑर्गनवादक झाला. १७१६ मध्ये ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठीच्या त्याच्या रचनांचे पुस्तक छापले गेले आणि त्याच वर्षी तो जेझुइट होण्यासाठी रोम सोडून गेला. १७१७ मध्ये तो जहाजाने ब्युनोस आयर्सला उतरला आणि तिथून कोर्दोबाला गेला. तिथे तो धर्मशास्त्र शिकत होता आणि संगीतही सांभाळत होता. दीक्षा द्यायला बिशप नव्हता, म्हणून त्याचे पाद्री होणे राहूनच गेले. २ जानेवारी १७२६ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो कोर्दोबाजवळ वारला.

गंमत अशी, की युरोपातल्या संगीताच्या इतिहासात झिपोलीचे पुस्तक होते, पण १७१६नंतरचा झिपोली नव्हता. इकडे दक्षिण अमेरिकेतल्या जेझुइटांच्या नोंदींत एका झिपोलीच्या संगीताची वाखाणणी होती. लिमाच्या व्हाइसरॉयने त्याच्या रचनांच्या प्रती मागवल्याचा उल्लेखही होता. ही दोन्ही माणसे एकच, हे उरुग्वेचे संशोधक लाउरो आयेस्तारान यांनी १९४१ मध्ये सिद्ध केले. पण अमेरिकेत त्याने रचलेले संगीत कुठे होते? १९५९ मध्ये अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीव्हन्सन यांना बोलिव्हियातल्या सुक्रे शहरात त्याची एक मिस्सा सापडली. ती प्रत पोतोसीमध्ये १७८४ साली, म्हणजे झिपोलीच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी उतरवलेली होती. त्यानंतर चिकितोसची पाने उजेडात आली आणि एकाच मिस्सेवर ओळखला जाणारा हा माणूस एकदम भरभक्कम संगीतकार होऊन समोर उभा राहिला.

झिपोली स्वतः चिकितोसमध्ये कधी गेला नव्हता. त्याचे संगीत मात्र नकलांच्या वाटेने तिथवर पोचले होते.

नकला करणारे हात

१७६७ मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातून हाकलून लावले. सत्तरी ओलांडलेल्या श्मिडनाही निघावे लागले. १७७२ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. शिक्षक गेले की शाळा बंद पडते, हा नेहमीचा अनुभव. चिकितोसमध्ये तसे झाले नाही.

याचे कारण गावच्या रचनेत होते. प्रत्येक वस्तीत चिकितानोंचे स्वतःचे पंचमंडळ असे. त्याला काबिल्दो म्हणत. चर्चचे गायक-वादक आणि त्यांचा प्रमुख 'माएस्त्रो दे कापिया' यांना त्या व्यवस्थेत मान होता. जेझुइट गेले तरी काबिल्दो राहिले. सण होते, मिरवणुका होत्या, मिस्सा होती, म्हणजे संगीत लागणारच. जुना कागद फाटला की नवा उतरवून घ्यायचा. शाई पुसट झाली की पुन्हा गिरवायची. बापाने मुलाला शिकवायचे. आलसीद दोर्बिन्यी हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १८३१ मध्ये या भागातून गेला तेव्हा, जेझुइटांना जाऊन चौसष्ट वर्षे झाली असूनही, त्याला चर्चमध्ये उत्तम गायन-वादन ऐकायला मिळाले आणि त्याने त्याचे कौतुक लिहून ठेवले.

पुढचा काळ कठीण होता. रबराच्या धंद्यासाठी आणि गुरांच्या मोठमोठ्या वाड्यांसाठी माणसे वेठीला धरली गेली, गावे विस्कटली. वाचून वाजवणारे कमी होत गेले. काही ठिकाणी पाने राहिली, पण ती वाचणारे उरले नाहीत. काही ठिकाणी सूर कानांवर राहिले, पण पानांशी त्यांचा संबंध तुटला. शेजारच्या मोखोस भागात तर नकला करण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. सान इग्नासिओ दे मोखोस इथे आजही ताडाच्या पानांच्या माणसाहून लांब नळ्या एकत्र बांधून केलेले 'बाखोन' हे खर्जाचे वाद्य मिरवणुकीत वाजते. मूळ युरोपीय बाखोन लाकडाचे. ते मिळेना, तेव्हा आवाज तसाच काढणारे दुसरे वाद्य तिथल्या कारागिरांनी स्वतःच्या डोक्याने घडवले.

म्हणजे हा संग्रह कुणी एका दूरदृष्टीच्या माणसाने साठवलेला नाही. तो वापरातल्या कागदांचा ढीग आहे. म्हणूनच त्यात मेणबत्तीचे डाग आहेत, कोपरे झिजले आहेत, पाने सुटी झाली आहेत.

हरवलेली ओळ कशी शोधतात?

सापडलेले पान वाजवायला घेतले की पहिली अडचण लगेच येते. आज वाद्यवृंदाचा संचालक समोर जी वही ठेवतो तिच्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. चिकितोसमध्ये अशा वह्या नव्हत्या. प्रत्येकाच्या हातात फक्त त्याचा कागद: पहिल्या व्हायोलिनचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, वरच्या आवाजाचा वेगळा, खर्जाचा वेगळा. सहा जणांची रचना असेल तर सहा सुटे कागद. त्यांतला एक वाळवीने खाल्ला तर रचना पांगळी होते.

समजा, दुसऱ्या व्हायोलिनचा कागद हरवला आहे. आधी उरलेले पाच एकाखाली एक मांडायचे आणि मात्रा मोजायच्या. इथेच बऱ्याचदा गाडी अडते, कारण नक्कल करणाऱ्याच्या हातून विश्रांतीची एखादी खूण सुटलेली असते आणि पुढचे सगळे एका मात्रेने सरकते. ते जुळले की प्रत्येक ठिकाणी कोणते सूर एकत्र वाजत आहेत ते पाहायचे. स्वरसमूहाला तीन सूर हवेत आणि दोनच हजर आहेत, तर तिसरा बहुधा हरवलेल्या ओळीत होता. पहिले व्हायोलिन एक लकेर वाजवून दोन मात्रा गप्प बसते, तर त्या वेळात कुणीतरी उत्तर देत होते. तेही दुसरे व्हायोलिनच. मग हीच रचना मोखोसमध्ये किंवा सुक्रेमध्ये आहे का ते शोधायचे. असली तर तिथला कागद आपला अंदाज खरा-खोटा ठरवतो.

दुसरी अडचण शाईची. त्या काळची शाई मायफळातला तुरट अर्क आणि लोहाचा क्षार मिसळून करत. अशी शाई काळाच्या ओघात कागदच खाते. दमट हवेत ते आणखी वेगाने होते. स्वराचा ठिपका होता तिथे भोक पडते आणि पलीकडच्या पानाचा ठिपका त्यातून दिसू लागतो. म्हणजे पान डोळ्यांना जे दाखवते तेही पारखून घ्यावे लागते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीपासून लेओनार्दो वाइस्मान, बेर्नार्दो इयारी यांच्यासारख्या अर्जेंटिनाच्या संशोधकांनी कोन्सेप्सिओनमध्ये हे काम केले. पोलंडहून आलेले फादर पिओत्र नाव्रोत यांनी चिकितोस आणि मोखोसच्या रचना संपादून खंडच्या खंड प्रसिद्ध केले. 'सान इग्नासिओ' ही छोटी संगीतिका तर दोन्ही भागांतल्या कागदांवरून जुळवली गेली. तिच्या दुसऱ्या भागात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस आपल्या सोबत्याला, म्हणजे झेवियरना, पूर्वेकडे निरोप देतात. प्रत्यक्षात त्या वाटेने निघालेले झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. गोव्याच्या वाटेवरचा हा निरोप गायला जात होता बोलिव्हियाच्या रानात.

कागदावरून कानांपर्यंत

खंड छापले तरी ते वाचणार मूठभर. जगाच्या कानांवर हे संगीत घातले ते ध्वनिमुद्रणांनी. १९९०च्या दशकात फ्रान्समधल्या 'के ६१७' या छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेने लॅटिन अमेरिकेतल्या बरोक संगीताची मालिकाच काढली. तिच्यात अर्जेंटिनाचे गाब्रिएल गारिदो आणि त्यांचा 'एलिमा' हा वृंद यांनी झिपोलीच्या रचना आणि 'सान इग्नासिओ' ध्वनिमुद्रित केले. २००५ पासून लंडनच्या 'फ्लोरिलेजियम' या वृंदाने बासरीवादक अॅशली सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली 'बोलिव्हियन बरोक' नावाने तीन तबकड्या काढल्या. त्यांत गाणारे बोलिव्हियाचे होते, आणि त्या कामातूनच 'आराकाएन्दार' हा बोलिव्हियन गायकवृंद उभा राहिला.

अशा ध्वनिमुद्रणात नेमके काय घडते, ते आपल्याकडच्या उदाहरणाने चटकन कळेल. भातखंड्यांच्या पुस्तकात बंदिश स्वरलिपीसह छापलेली असते. ती नुसती वाचून म्हटली तर गाणे होत नाही. लय, मींड, जागा या गुरूच्या गळ्यातून याव्या लागतात. बरोक पानाचेही तसेच. खर्जाची एकच ओळ लिहिलेली असते. तिच्यावर कोणते सूर भरायचे ते ऑर्गन किंवा वीणा वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे ठरवायचे. किती वेगाने, ते लिहिलेले नाही. कुठे मुरकी घ्यायची, ते नाही. वरचा आवाज मुलांचा की बायकांचा? लॅटिनचे उच्चार इटालियन धाटणीचे की स्पॅनिश? षड्ज कुठे धरायचा? आज मानक स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात. बरोक वृंद बहुतेक वेळा ४१५ घेतात, म्हणजे सुमारे अर्धा सूर खाली. तारा स्टीलच्या की आतड्याच्या? या प्रत्येक प्रश्नाला ध्वनिमुद्रण करणारा एक उत्तर देतो. ते एकमेव उत्तर नसते.

म्हणून एकाच मिस्सेची दोन ध्वनिमुद्रणे ऐकावीत. एक झगमगीत, भरपूर वाद्यांचे. दुसरे साधे, मोजक्या आवाजांचे. आणि जागाही ऐकावी. कच्च्या विटांच्या भिंती आणि लाकडी छप्पर असलेले चर्च युरोपातल्या दगडी कथीड्रलइतके घुमत नाही. तिथे सूर लवकर विरतो, शब्द स्वच्छ कळतात. चिकितोसचे संगीत छोट्या वाक्यांचे आणि उघड्या, स्पष्ट बांधणीचे आहे. ते त्या खोलीला शोभते.

मेस्त्री आणि माएस्त्रो

गोव्याला ही गोष्ट परकी वाटू नये. सोळाव्या शतकापासून तिथल्या चर्चशाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जात असे. शिकवणारा तो मेस्त्रे. पोर्तुगीजांचा हाच शब्द मराठीत मेस्त्री होऊन सुताराच्या आणि गवंड्याच्या घरी गेला. स्पॅनिशांचा माएस्त्रो त्याचा सख्खा भाऊ. चर्चशाळेत कागद वाचून वाजवायला शिकलेल्या गोमंतकीयांच्या वारसांनीच पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, हे सेबास्तियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्या नावांवरून रसिकांना ठाऊक आहे. म्हणजे इथेही शिकवणाऱ्याचा हेतू एक आणि शिकणाऱ्याने त्याचे केले ते दुसरेच.

पण चिकितोसच्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. वस्त्यांमुळे चिकितानोंना ब्राझीलकडून येणाऱ्या गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून संरक्षण मिळाले, हे खरे. त्याची किंमतही त्यांनी मोजली. त्यांचे देव गेले, पांगून राहण्याची रीत गेली, दिवस चर्चच्या घंटेने बांधला गेला. जेझुइट येण्यापूर्वी हे लोक काय गात होते, ते कोन्सेप्सिओनच्या एकाही पानावर नाही. जे लिहिले गेले तेच परत ऐकता येते. उरलेल्यासाठी कोणतेही ध्वनिमुद्रण आता उशिराचे आहे.

तरीही, आज हे संगीत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर बोलिव्हियाने आपल्या परीने दिले आहे. १९९० मध्ये सहा वस्त्या युनेस्कोच्या जागतिक वारशात आल्या. १९९६ पासून दर दोन वर्षांनी त्याच चर्चांमध्ये बरोक संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. त्याच सुमारास चिकितोसच्या शेजारच्या, ग्वारायो लोकांच्या उरुबिचा गावी संगीतशाळा निघाली आणि तिथल्या मुलांचा गायक-वादकवृंद परदेशांत जाऊन हीच पाने वाजवू लागला. त्या गावात व्हायोलिने नुसती वाजवली जात नाहीत, घडवलीही जातात.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी झिपोलीच्या १७१६च्या, रोममधल्या ऑर्गनच्या रचना ऐकाव्यात आणि लगेच त्याच्या मिशनमधल्या, म्हणजे या वस्त्यांत सापडलेल्या, रचना लावाव्यात. रोममधला झिपोली आपली करामत दाखवतो. मिशनमधला झिपोली मात्र दुसऱ्यांना गाता यावे असे लिहितो. त्याचे ऑर्गनचे पुस्तक युरोपातल्या ग्रंथालयांनी जपले. मिशनचे संगीत जपले ते पान फाटले की नवे उतरवून घेणाऱ्या चिकितानोंनी, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्या पानांवर स्वतःचे नावही लिहिलेले नाही.